पहिली प्रोग्रॅमिंग लँग्वेज कोणती शिकायची? आधी जॉन केमेनींची गोष्ट वाचा

सी शिकू, जावा शिकू की डायरेक्ट पायथॉन? मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो हे कळलं की गावाकडची पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात. माझं गाव बोदलकशाच्या बाजूला. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका, मोठा तलाव, भोवती टेकड्या आणि पलीकडे नागझिऱ्याचं जंगल. इथे बहुतेक मुलांकडे लॅपटॉप नाही. घरात एक स्मार्टफोन असतो, तोही संध्याकाळी बाबा परत आल्यावर हातात येतो. अशा मुलाला कोणी पॅकेज बघून लँग्वेज सुचवतं, कोणी आपण स्वतः जे शिकलो तेच सुचवतं. मी मात्र आजकाल त्यांना एका माणसाबद्दल सांगतो. त्याच्यासमोर हा प्रश्न एका मुलासाठी नव्हता, अख्ख्या कॉलेजसाठी होता. बाजारातल्या सगळ्या लँग्वेज बघून झाल्यावर त्याने ठरवलं की यातली एकही नको, आपण नवीन बनवू.

त्यांचं नाव जॉन केमेनी. त्यांनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी मिळून बेसिक ही लँग्वेज तयार केली. १९९२ मध्ये केमेनी गेले, म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधी. तुमच्या आईबाबांपैकी कोणी शाळेत कॉम्प्युटर शिकलं असेल, तर त्यांनी बहुधा केमेनींचीच लँग्वेज टाइप केली असेल, नाव न ऐकता.

बुडापेस्ट ते लॉस अलामोस

केमेनींचा जन्म ३१ मे १९२६ चा, हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये, एका ज्यू घरात. १९३८ मध्ये हिटलरने शेजारचा ऑस्ट्रिया गिळला आणि जॉनच्या वडिलांना पुढचं दिसलं. ते एकटेच अमेरिकेला गेले आणि १९४० च्या सुरुवातीला बायको-मुलांना बोलावून घेतलं. आजोबांनी यायला नकार दिला. ते आणि आणखी काही नातेवाईक नंतर नाझींच्या संहारात गेले.

जॉन तेव्हा १३ वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत त्याचं नाव घातलं. इंग्रजी त्याच्यासाठी नवीन होतं. तीन वर्षांनी तो त्याच शाळेतून पहिला आला आणि प्रिन्स्टन विद्यापीठात गणिताला गेला. परक्या भाषेत पहिल्या दिवशी वर्गात बसणं काय असतं हे या माणसाला अंगावर कळलं होतं. बेसिकच्या डिझाइनमध्ये याचा वाटा होता असं कुठे नोंदलेलं नाही, पण मला तो दिसतो.

शिक्षण अर्धवट असतानाच लष्करात भरती झाली आणि त्याला लॉस अलामोसला पाठवलं. तिथे अणुबॉम्बचं काम गुपचूप चालू होतं. जॉनची नेमणूक हिशेबाच्या विभागात झाली. प्रमुख होते रिचर्ड फाइनमन, पुढे नोबेल मिळालेले. कॉम्प्युटर अजून नव्हता. आयबीएमची, मुळात ऑफिसातल्या हिशेबासाठी बनलेली पंचकार्ड मशीन होती. एका मशीनमधून कार्डांचा गठ्ठा काढायचा, दुसऱ्यात टाकायचा, मग तिसऱ्यात. चोवीस तास पाळ्या चालायच्या आणि एका गणिताला आठवडे लागायचे. तिथेच त्याने जॉन फॉन नॉयमन यांचं भाषण ऐकलं, प्रोग्रॅम मशीनच्या आतच साठवणाऱ्या कॉम्प्युटरबद्दलचं. १९ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ते बसलं.

युद्ध संपल्यावर परत प्रिन्स्टन. १९४९ मध्ये अलॉन्झो चर्च यांच्याकडे पीएचडी. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हा विषय असलेल्यांना चर्च यांचं नाव माहीत असेल. त्याच काळात वर्षभर ते आइन्स्टाइन यांचे गणितातले सहाय्यक होते. आइन्स्टाइनला सहाय्यक कशाला, तर आकडेमोड तपासायला. इथे गोष्ट संपवली असती तरी माणसाचं करिअर झालेलंच होतं.

ट्रेनमध्ये कार्डांची पेटी

१९५३ मध्ये केमेनी डार्टमथ कॉलेजला आले. न्यू हॅम्पशायर राज्यातलं हॅनोव्हर हे छोटं गाव. नाव मोठं, पण कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. १९५६ मध्ये त्यांनी गणित विभागात थॉमस कर्ट्झ यांना आणलं. त्या सुमारास एमआयटीत आयबीएम ७०४ आला आणि आसपासच्या कॉलेजांनाही तो वापरायची मुभा मिळाली.

आता वापरायची म्हणजे काय? दोन आठवड्यांतून एकदा कर्ट्झ पंचकार्डांची लोखंडी पेटी घेऊन पहाटेच्या ट्रेनने बोस्टनला जायचे. कार्ड तिथल्या ऑपरेटरच्या हातात द्यायची. रांगेत नंबर लागला की प्रोग्रॅम चालणार, संध्याकाळी निकालाचा कागद घेऊन परत. कुठे एक स्वल्पविराम चुकला असेल तर कागदावर फक्त एरर. दुरुस्ती करायची आणि पुढची ट्रेन दोन आठवड्यांनी.

तिरोड्याला बसने जाऊन तासभर क्लासच्या कॉम्प्युटरवर बसायचं, वीज गेली तर तसंच परत यायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना ही पेटी वेगळी समजावून सांगायला नको.

याच काळातला कर्ट्झ यांचा एक अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. मशीनचा वेळ महाग, तो वाया जाऊ नये म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम असेंब्लीत लिहिला. असेंब्ली म्हणजे मशीनच्या अगदी जवळची भाषा, लिहायला अवघड पण चालायला वेगवान. चूक निघाली, दुरुस्त केली, परत ट्रेन. परत चूक. असे महिने गेले आणि मशीनचा तासभर वेळ खर्च झाला तरी उत्तर आलं नाही. शेवटी कंटाळून त्यांनी तेच काम फोरट्रान या सोप्या लँग्वेजमध्ये लिहिलं. मशीनचा वेळ लागला पाचेक मिनिटं.

म्हणजे जी भाषा मशीनला स्लो वाटत होती, तिने माणसाचे महिने वाचवले आणि मशीनचा वेळसुद्धा. खऱ्या प्रोग्रॅमरने लो लेव्हलपासूनच सुरुवात करावी, असं छाती काढून सांगणारा एक दादा प्रत्येक कॉलेजात असतो. त्याला ही गोष्ट नक्की ऐकवा.

बाकीच्या तीन चतुर्थांशांचं काय?

डार्टमथमध्ये सायन्स आणि इंजिनिअरिंगची मुलं साधारण एक चतुर्थांश होती. उरलेले इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र, अर्थशास्त्रवाले. केमेनींचा हिशेब सरळ होता: पुढे सरकार, कंपन्या, वर्तमानपत्रं हेच लोक चालवणार, कॉम्प्युटरबद्दलचे निर्णयही हेच घेणार. यांनी तो कधी हातच लावला नसेल तर कसं चालेल? आणि नुसतं कॉम्प्युटरबद्दल लेक्चर ऐकून उपयोग नाही, प्रत्येकाने स्वतः प्रोग्रॅम लिहिला पाहिजे. १९६० च्या आसपास हा विचार बऱ्याच लोकांना वेडेपणाचा वाटला.

त्यात दोन अडचणी होत्या. पहिली रांगेची. त्यावर उपाय कर्ट्झ यांना एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी सुचवला, टाइम-शेअरिंग. एकच कॉम्प्युटर प्रत्येकाला काही क्षण देतो आणि इतक्या भरभर फिरतो की प्रत्येकाला वाटतं मशीन माझंच आहे. तुमच्या फोनमध्ये मागे व्हॉट्सॲप चालू आणि पुढे यूट्यूब, तोच प्रकार.

दुसरी अडचण लँग्वेजची. फोरट्रान आणि अल्गॉल तयार होत्या. कर्ट्झ यांचा कल आधी फोरट्रानचाच एखादा सोपा तुकडा शिकवण्याकडे होता, म्हणजे मुलांना ती बाहेरही कामी येईल. आजचा जॉब मार्केटचा मुद्दा तेव्हाही होताच! केमेनी म्हणाले, नवीन बनवू. फोरट्रानमध्ये एक लूप लिहायचा तर आकड्यांचा आणि स्वल्पविरामांचा क्रम पाठ करावा लागायचा, आणि व्हेरिएबलच्या पहिल्या अक्षरावरून तो पूर्णांक की दशांश हे ठरायचं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे का लक्षात ठेवावं?

नवीन लँग्वेजमध्ये पहिल्यांदा जेमतेम १४ प्रकारच्या आज्ञा होत्या. प्रत्येक ओळीला नंबर, एका ओळीत एकच आज्ञा. पूर्णांक-दशांश ही भानगड मुलांपासून लपवलेली. चूक झाली तर मशीनने माणसाला कळेल असं सांगायचं. अक्षरं इंग्रजी होती, पण इथे देवनागरीत लिहून दाखवतो:

१० लेट ए = ५२
२० लेट बी = ४०
३० लेट सी = ए * बी
४० प्रिंट सी
५० एंड

उत्तर २०८०. कधीही प्रोग्रॅमिंग न केलेल्या माणसालाही हे वाचून अंदाज येतो, आणि तोच उद्देश होता. गणिताच्या वर्गात यावर दोन-तीन लेक्चर व्हायची, मग थेट मशीनवर गृहपाठ. दोन-तीन लेक्चर! आपल्याकडे पहिले दोन आठवडे कॉम्प्युटरच्या पिढ्या पाठ करण्यात जातात.

अनुदान मागितलं तेव्हा तपासणाऱ्यांना शंका होती, कारण सिस्टम लिहायला केमेनींनी पदवीच्या मुलांना घेतलं होतं. पगारी तज्ज्ञ नाहीत, विशी-बाविशीतली पोरं. याआधी कॉलेजने घेतलेल्या एका छोट्या कॉम्प्युटरवर अशाच मुलांनी अल्गॉल चालवून दाखवली होती, त्यामुळे केमेनी निश्चिंत होते. बेसिकच्या कंपायलरचा पहिला मसुदा त्यांनी स्वतः १९६३ च्या उन्हाळ्यात लिहायला घेतला. मशीन जनरल इलेक्ट्रिकचं होतं. १ मे १९६४ ला पहाटे चार वाजता दोन टेलिटाइपवरून दोन वेगवेगळे बेसिक प्रोग्रॅम एकाच वेळी चालवले गेले आणि दोन्हींना बरोबर उत्तर मिळालं.

यानंतर त्यांनी जे केलं त्याबद्दल कमी बोललं जातं. विद्यार्थ्यांसाठी कॉम्प्युटर फुकट ठेवला. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक उघडताना जसं कोणी कारण विचारत नाही, तसंच टर्मिनलवर बसताना विचारायचं नाही. मुलं अर्थातच गेम खेळू लागली. केमेनींना त्यात गैर वाटलं नाही, १९६५ चा फुटबॉलचा एक गेम तर त्यांच्याच नावावर सांगितला जातो. काही वर्षांत कॉलेजातली बहुतेक मुलं प्रोग्रॅम लिहून बाहेर पडू लागली, आणि आजूबाजूच्या शाळाही फोनलाइनवरून त्याच मशीनला जोडल्या गेल्या.

हे बोदलकशात कसं लावायचं

माझी एक मामेबहीण बोदलकशात राहते, बीएला आहे. तिला सगळ्यांनी सांगून ठेवलेलं की आर्ट्सवाल्यांचं हे काम नाही. एका क्लासवाल्याने सी, सी प्लस प्लस, जावा आणि पायथॉन असा चारही लँग्वेजचा जोडकोर्स सुचवला होता, आणि त्याची फी मामांच्या धानाच्या पैशातून जाणार होती. मी केमेनींचीच कसोटी लावली: तुझ्याकडे आज जे मशीन आहे त्यावर, तुला पडलेल्या एका प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लवकर कोणती लँग्वेज देते?

मशीन म्हणजे अँड्रॉइड फोन. नेटवर्क जंगलाच्या बाजूला कधी असतं कधी नाही, म्हणून ऑफलाइन चालणारं काहीतरी हवं. प्रश्न होता मामांच्या धानाचा: इतके कट्टे, एका कट्ट्यात ४० किलो, क्विंटलचा भाव अमुक, हमाली वजा केली तर हातात किती? पायड्रॉइड नावाचं ॲप एकदा डाउनलोड झालं की नेट नसतानाही पायथॉन चालवतं. त्यात पाच-सहा ओळी लिहिल्या. ५२ कट्टे टाकले, २०.८ क्विंटल आलं, मग रक्कम. कंस राहिला तेव्हा एरर आली, तिने कंस टाकला, परत चालवलं. मध्ये दोन आठवडे गेले नाहीत, दहा सेकंद गेली.

एक गंमत सांगतो, मराठी वाचकांना कामाची आहे. पायथॉनमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. कट्टे, वजन, भाव, रक्कम अशीच नावं तिने दिली. इतकंच काय, प्रोग्रॅमने विचारल्यावर कीबोर्डवरून ५२ हा आकडा मराठीत टाइप केला तरी पूर्णांकात बदलणारं फंक्शन तो ओळखतं. मात्र कोडमध्ये थेट मराठी आकडा लिहिला तर एरर येते, आणि प्रिंट वगैरे शब्द इंग्रजीच लागतात.

ज्याला वेबपेज बनवायचंय त्याच्यासाठी हीच कसोटी जावास्क्रिप्टकडे बोट दाखवेल, कारण ती चालवणारा ब्राउझर फोनमध्ये आधीच आहे. अँड्रॉइड ॲपच बनवायचं असेल तर कॉटलिन येईल, पण त्याला बरा कॉम्प्युटर लागतो, त्यामुळे फक्त फोन असलेल्याने ते पहिलं घेऊ नये असं माझं मत.

मग सी?

विदर्भात सी चा विषय काढल्याशिवाय हा लेख कोणी पूर्ण मानणार नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं लेट अस सी हे पुस्तक देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या कित्येक बॅचनी वाचलंय, मीही. मेमरी, पॉइंटर, मशीन आतून कसं चालतं हे कळायला सी सारखी दुसरी लँग्वेज नाही. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला ती पहिल्या वर्षी भेटणारच. पण बीएच्या मुलीने किंवा नववीतल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात पॉइंटरशी झटापट का करावी, याचं पटेल असं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही. सी दुसरी म्हणून उत्तम आहे.

बेसिकलाही शिव्या खूप बसल्या. १९७५ मध्ये एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी, हो, मॅपमध्ये सगळ्यात जवळचा रस्ता शोधायच्या पद्धतीवाले, फार कडक शब्दांत लिहिलं की आधी बेसिक शिकलेल्या मुलांची बुद्धी कायमची बिघडते आणि त्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य होतं. रोख होता गो टू या आज्ञेवर. त्या आज्ञेने प्रोग्रॅम कुठूनही कुठेही उडी मारतो आणि मोठा झाला की गुंता होतो. टीकेत तथ्य आहे, मोठे बेसिक प्रोग्रॅम वाचणं खरंच त्रासाचं असायचं. पण बुद्धी कायमची बिघडते हे पुढच्या काळाने खोटं ठरवलं. बेसिकवर सुरुवात केलेल्या लाखो मुलांनी नंतर दुसऱ्या लँग्वेज शिकून या इंडस्ट्रीचा मोठा भाग उभा केला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांच्या कंपनीचं पहिलं प्रॉडक्टच १९७५ मधलं बेसिक होतं. आपल्याकडे १९८४ मध्ये सरकारच्या क्लास प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले, त्यातही बेसिकच होती. पहिली लँग्वेज चुकली तर आयुष्य वाया जाईल ही भीती तेव्हाही होती आणि आजही क्लासच्या जाहिराती तिच्यावरच चालतात.

केमेनी १९७० मध्ये डार्टमथचे अध्यक्ष झाले, ते १९८१ पर्यंत. त्यांच्याच काळात, १९७२ मध्ये, फक्त मुलांच्या त्या कॉलेजात पदवीला मुलींना प्रवेश मिळाला. अध्यक्ष असतानाही त्यांनी गणिताचे वर्ग घेणं सोडलं नाही. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा चौकशी आयोगाचं अध्यक्षपद अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना दिलं. लॉस अलामोसबद्दल त्यांनी एक हिशेब मांडला होता: तिथे इतक्या लोकांनी रात्रंदिवस राबून वर्षभर जे केलं, ते १९७० च्या सुमारास त्यांच्या कॉलेजातला एक विद्यार्थी एका दुपारी करू शकत होता, तेही त्याच वेळी बाकीचे लोक मशीन वापरत असताना.

छोट्या कॉम्प्युटरवर बेसिकच्या ज्या तोडक्या-मोडक्या आवृत्त्या फिरू लागल्या, त्या केमेनी आणि कर्ट्झ यांना अजिबात आवडल्या नाहीत. डार्टमथमध्ये लँग्वेज केव्हाच सुधारली होती, बाहेर मात्र जुनीच गो टूवाली चालू होती. १९८३ मध्ये दोघांनी ट्रू बेसिक नावाची कंपनी काढली. लँग्वेज स्वच्छ होती, पण उशीर झाला होता आणि ती फार चालली नाही. २६ डिसेंबर १९९२ ला केमेनी ६६ व्या वर्षी गेले. कर्ट्झ २०२४ पर्यंत होते.

याच काळात ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत बेसिकच्या जागी नवशिक्यांसाठी बरी लँग्वेज द्यावी म्हणून एबीसी नावाची लँग्वेज बनवली जात होती. तीही फार चालली नाही. पण त्या टीममधल्या खिडो फान रॉसम या तरुणाने तिच्यातल्या चांगल्या गोष्टी उचलून १९९१ मध्ये स्वतःची लँग्वेज बाहेर आणली. मामेबहिणीच्या फोनवर धानाचा हिशेब चालतो तो तिच्यावरच. सध्या ती त्यात हमीभावावरच्या बोनसची ओळ घालतेय, आणि मागच्या रविवारी तिने विचारलं की दोन शेतांचा हिशेब एकाच वेळी करायचा तर लिस्ट वापरायची का. मी हो म्हटलं.